शकीलभाईंनी वाक्य तीनदा दिलं होतं

शांतता हीच माझी गुरू आहे. हे वाक्य मी आजवर चार मुलाखतींत म्हटलंय, एकदा तर डोळे मिटून. मुलाखत घेणारी मुलगी हेलावली होती. त्यामागं खरं काय आहे, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो. गुरू वगैरे काही नाही — मी वाक्य विसरलो होतो.

सध्या मी 'उगवता अभिनेता' आहे. वय छत्तीस. एका वेबमालिकेत इन्स्पेक्टरच्या मागं उभा राहणारा हवालदार करतोय. येत्या सिनेमात नायिकेचा भाऊ आहे. तो विसाव्या मिनिटाला मरतो, पण दिग्दर्शकाच्या मते पुढं सिनेमाभर जाणवत राहतो. असो. भूमिकेची तयारी कशी करता, हे झालं की प्रश्न येतोच — प्रभाव कुणाचा? आणि मी डोळे मिटतो.

प्रभाव शकीलभाईंचा. एवढं साधं उत्तर — मग का देत नाही?

नऊ वर्षांपूर्वी मी बजाजनगरात राहायचो आणि वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होतो. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत आमचं एक नाटक दरवर्षी असायचं. पहिली पाळी सुटली की कँटीनची टेबलं भिंतीला लावून तालीम. शकीलभाई तपासणी विभागात होते, रोज खुलताबादहून यायचे, आणि नाटकात प्रॉम्प्टर. त्यांचं शिक्षण उर्दूतलं. मराठी बोलायचे फर्डं, पण विंगेतल्या मिणमिणत्या उजेडात देवनागरी झरझर वाचता येत नाही म्हणून अख्खं मराठी नाटक ते उर्दू लिपीत उतरवून काढायचे. उजवीकडून उघडणारी लांबडी वही, प्रत्येक प्रवेशाला वेगळ्या रंगाचा दोरा. त्या वहीतून त्यांनी कधी कुणाला चुकीचं वाक्य दिलं नाही. कधीच नाही. हे लक्षात ठेवा.

मला ते हीरो म्हणायचे. "काय हीरो, आज किती पानं याद हैं?" मी म्हणायचो, सगळी. "झूठ. पण घाबरू नको. माझ्याकडचा कान उघडा ठेव, बाकी मी बघतो." पाठांतर कच्चं असलेला नट कसा उभा राहतो, श्वास कुठं अडकवतो, हे त्यांना पाठीवरून कळायचं. श्वास कुठं घ्यायचा, हेही त्यांनीच शिकवलं. आजही कॅमेऱ्यासमोर मी तिथंच घेतो.

अंतिम फेरीच्या नाटकात मी आठ वर्षांनी घरी परतलेला मुलगा होतो. वडील म्हणजे आमचे देशमुखसाहेब — कार्मिक अधिकारी आणि दिग्दर्शकही, त्यामुळं वडिलांना चार मिनिटांचं भाषण होतं. ते ऐकायला साहेबांची सासुरवाडी दुसऱ्या रांगेत बसली होती. वडील विचारतात, "का आलास?" मी म्हणायचं, "तुमची आठवण आली म्हणून." मग भाषण.

साहेबांनी विचारलं. आणि माझ्या डोक्यात — काही नाही. धुतलेली पाटी.

विंगेतून वाक्य आलं. तुमची आठवण आली म्हणून. स्वच्छ ऐकू आलं मला. पण तेवढ्यात प्रेक्षकांत कुणीतरी हुंदका दिला. माझ्या गप्प बसण्यावर! नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मी गप्पच राहिलो. वाक्य पुन्हा आलं. तिसऱ्यांदा आलं. मी ते घेतलं नाही — कारण मला गोड लागलं होतं ते सगळं. मग वाटलं, आता साधं वाक्य बोललो तर मजा जाईल. म्हणून दोन पानं पुढचं माझं एक भारी वाक्य होतं, ते टाकलं. "मी जातो, बाबा." आणि गेलो.

आठ वर्षांनी आलेला मुलगा एका मिनिटात निघाला. चार मिनिटांचं भाषण तोंडात घेऊन साहेब उभेच. परीक्षकांनी त्याला आधुनिक माणसाची अगतिकता म्हटलं आणि मला पदक दिलं.

पडदा पडल्यावर साहेब तरातरा मेकअपच्या खोलीत आले. "माझं भाषण कुठं गेलं?" आणि मी काय म्हणालो? मीच म्हणालो, दुसऱ्या कुणी नाही — "प्रॉम्प्टिंगच पुढचं आलं, साहेब. वही उलट्या बाजूनं उघडते ना त्यांची. पानं इकडची तिकडं झाली असतील."

शकीलभाई दारातच उभे होते. दोऱ्यांची ती वही काखेत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, फार वेळ नाही, आणि साहेबांना म्हणाले, "व्हय साहेब. सरकलं असंल पान. अंधार होता."

"तरी मी म्हणत होतो," साहेब म्हणाले. ते कधीच काही म्हणत नव्हते.

पुढच्या वर्षी देवनागरी वाचणारा प्रॉम्प्टर आणला. मी तालमीला होतो, काही बोललो नाही. शकीलभाईंनी नंतर कधी विंगेत पाय ठेवला नाही. कँटीनमध्ये भेटले की विचारायचे मात्र, "काय हीरो, चाललंय ना?" राग असता तर बरं झालं असतं. नव्हता — किंवा मला दिसू दिला नाही. अजूनही त्यांच्याइतकं माझ्यावर कुणी हक्कानं हसत नाही.

गेल्या महिन्यात ठरवून खुलताबादला गेलो, हेच सांगायला. वाटेत वाक्यं पाठ केली, तीनदा. निवृत्तीनंतर त्यांनी छोटं किराणा दुकान टाकलंय. मला पाहून गल्ल्यावरून उठले, गिऱ्हाइकाला थांबवून म्हणाले, "हा आमचा. टीव्हीत असतो." मग मला म्हणाले, "तुझी मुलाखत पाहिली मोबाइलवर. वो खामोशी वाली. लई भारी बोलला रे."

मी तोंड उघडलं. ते थांबले, वाट बघत, मान किंचित पुढं करून. बराच वेळ थांबले.

मी अर्धा किलो साबुदाणा घेतला आणि परत आलो.