दाराला लावायचा पाव

आमचे काका घड्याळं दुरुस्त करतात. गल्ली त्यांना चिमटेकाका म्हणते, कारण लोकांच्या खिशाला पेन असतं तसा यांच्या खिशाला कायम एक बारीक चिमटा. बंद वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. इस्त्री, रेडिओ, शेजाऱ्यांच्या दारावरची घंटा, सगळं त्यांनी आतून पाहिलेलं आहे. काकू तर सांगते की एकदा ती डोकं दुखतंय म्हणाली, तर हे चिमटा घेऊन आले.

अशा माणसाला सुट्टीत घरी पाव भाजायचा नाद लागला. कृती अगदी सोपी. पीठ, मीठ, यीस्ट आणि पाणी कालवायचं, मळायचंसुद्धा नाही. झाकून ठेवायचं, फुगलं की ओव्हनमध्ये सरकवायचं आणि गप्प बसायचं. काकांचं घोडं अडायचं ते या गप्प बसण्यावर. आधी फडकं उचलून बघ, मग ओव्हनचं दार किलकिलं करून बघ, असं चालायचं. आणि उमेदीनं वर आलेला पाव हिरमुसून खाली बसायचा.

आत्या, म्हणजे काकांची थोरली बहीण, दर सुट्टीला यायची ती पिशवीत विकतचा पाव घेऊनच. "तुझा दाराला लावायला ठेव, वाऱ्यानं आपटतंय," म्हणायची. काका हसायचे सगळ्यांबरोबर, पण ती पिशवी त्यांच्या मनाला लागायची. यंदा त्यांनी तिला फोनवर बजावलं, की ताई, येताना पाव आणायचा नाही, सकाळी घरचाच मिळेल. कोपऱ्यावरची बेकरी सुट्टीत बंद. म्हणजे पाव बसला तर सगळ्या घराची न्याहारी बसली, आणि आत्याची पिशवी जन्मभर चालू राहिली.

आदल्या संध्याकाळी कालवलेल्या पिठाचं भांडं काकूनं स्वतःच्या उशाशी ठेवलं. सकाळी पाव आत गेला. काकांनी कपाटावरचं गजराचं घड्याळ खाली घेऊन त्याला गजर लावला आणि काकूच्या हुकमानं हात मांडीखाली घेऊन बसले. आम्ही आदल्या रात्री आलेल्या आत्याशी गप्पांत रंगलो. बऱ्याच वेळानं काकूच्या लक्षात आलं, की हे जरा जास्तच शांत आहेत. ओव्हनचं दार बंद होतं, शाबूत होतं. काका पाठमोरे बसले होते आणि त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर ते गजराचं घड्याळ होतं. सुटं.

"जरा मागे पडत होतं," काका म्हणाले.

पाव आत कधी गेला हे त्या गजराशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. घरात बाकी घड्याळं भिंतभर, पण सगळी गिऱ्हाइकांची, आजारी, प्रत्येकाची वेळ वेगळी. आत्या पिशवी जवळ ओढून बसली. शेवटी काकूनं नाक वर करून वास घेतला आणि म्हणाली, "आता उघडा."

आयुष्यात पहिल्यांदा काकांना उघडायची परवानगी मिळाली होती, आणि त्यांनी आधी हातातला चिमटा खिशात ठेवला, मगच दार ओढलं.

पाव उभा होता. चांगला गरगरीत, वरून खरपूस, मधोमध तडकलेला. काकांनी तो फडक्यात धरून उलटा केला, बुडावर बोटानं टकटक केली आणि कान लावला. आतून नीट भाजल्या पावाचा पोकळ, खणखणीत आवाज आला. वर्षानुवर्षं बंद पडलेलं घड्याळ टिकटिकायला लागल्यावर दुकानात त्यांचा जो चेहरा होतो, तोच झाला.

"चालू झालंय," ते म्हणाले.

पुढची काही मिनिटं फक्त लोणी इकडून तिकडे फिरत होतं. काकू "आमचे हे" ज्या स्वरात म्हणते, त्या स्वरात "यांचा पाव" म्हणत शेजारी तुकडा देऊन आली. आत्यानं तिसरा तुकडा घेताना कोणाकडेच पाहिलं नाही.

निघताना तिनं उरलेला पाव कागदात गुंडाळून पिशवीत घातला. जागा करायला आधी एक विकतचा पाव बाहेर काढावा लागला. बजावूनही आणला होताच.

"हा ठेव," ती धाकट्या भावाला म्हणाली. "दाराला लावायला."