कुणासंगं आलं?

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात एक सहकारी सॉफ्टवेअर तपासतात. मूळचे निघोज्याचे. गावच्या लग्नात मांडवाच्या दाराशी उभं राहून अनोळखी पाहुण्याला 'कुणाकडनं आलात?' विचारायची सवय. तीच इथे चालवतात. प्रोग्रॅममध्ये नवा भाग दिसला की खुर्ची मागे सारून म्हणतात, "ह्ये कुणासंगं आलं?"

चाकणच्या एका कारखान्यासाठी मी लिहिलेला प्रोग्रॅम सोमवारी तिथे बसवायचा होता. आपोआप होणाऱ्या सगळ्या चाचण्या पास होत्या. त्यांनी मात्र कोरा लॅपटॉप घेतला, चाचण्यांचं सॉफ्टवेअर टाकलंच नाही आणि नुसता माझा प्रोग्रॅम चालवला. तो सुरूच होईना.

तारखा वाचणारा एक तयार भाग माझ्या प्रोग्रॅमला लागायचा, पण प्रोग्रॅमसोबत काय काय बसवायचं त्या यादीत मी तो लिहिलाच नव्हता. चाचण्यांचं सॉफ्टवेअर तो स्वतःसाठी घेऊन यायचं, म्हणून आमच्याकडे कधी अडलं नाही. कारखान्यात ते सॉफ्टवेअर नसणार, म्हणजे हा भागही नसणार.

"ज्याच्यावाचून अडतंय, त्याला आपण सोता बोलवावं राव," ते म्हणाले. "दुसऱ्यासंगं येतंय म्हणून गप बसू न्हाई."

मी ते नाव यादीत घातलं. आणि एकदम आठवलं. रविवारच्या माझ्या वास्तुशांतीसाठी टीम लीडना मी 'सगळ्यांना घेऊन या' एवढंच सांगितलं होतं. लीडकडे नाही, उठून या सहकाऱ्यांच्या टेबलापाशी गेलो.

"रविवारी घरी या. वहिनींनाही आणा."

त्यांनी स्क्रीनवरची नजर हटवली नाही.

"व्हय," ते म्हणाले. "सोता बोलवलं, आता येतो."