जंगलाच्या वाटेवरची पांढरी गाडी

जोतिबाची शपथ घेऊन सांगतो, पुढचं सगळं खरं आहे. अक्षर न् अक्षर! आता सगळं म्हणजे अगदी सगळंच असं नव्हे. मी सांगणार म्हटल्यावर चार दाणे पदरचे पडणारच. कसबा बावड्यातल्या आमच्या चहाच्या टपरीवर मला कुणी शपथ घालत नाही, कारण मी ती लगेच घेतो.

किस्से साठत कसे जातात बघा. मी फौजेत ड्रायव्हर होतो. शिवाजी पेठेतला सर्जेराव त्याच पलटणीत कुक. आम्हा दोघांना निळी टोपी घालून आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत पाठवलं होतं. देशाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याविषयी बोलतोय ती माणसं अजून तिथंच राहतात. परत आल्यापासून टपरीवर एकच प्रश्न, "सिंव्ह बघितलासा का न्हाय?" मग मी सिंह सांगतो. सुरुवातीला एक होता, आता त्याचा कळप झालाय. खरं तर आम्ही होतो तिथं सिंह औषधालाही नव्हता. पण तिथल्या बायकांचं काय झालं, हे आजवर कुणी विचारलं नाही. ते किस्से तसेच आत पडून राहिले. सिंहांच्या खाली.

*

लढाईमुळं गाव सोडून पळालेली माणसं आमच्या तळाशेजारी छपरं घालून राहिली होती. पलीकडच्या जंगलात बंदूकवाले. आमच्या कॅप्टन मॅडम पंजाबच्या. आल्या आल्या त्यांनी बैठक बोलावली. विषय, महिलांची सुरक्षा. आंब्याच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या. खुर्च्या भरल्या. सगळे पुरुष!

मॅडमनी विचारलं, "बायका कुठायत?"

मुखिया म्हणाला, "बैठकीचं जेवण करतायत."

"मग त्यांचं म्हणणं कोण सांगणार?"

"आम्ही सांगतो की. आम्हाला माहीत आहे."

सर्जेराव माझ्या कानाला लागला. "आयला, हितं बी हायच की! माझ्या सासुरवाडीत सरपंच बाई हाय. अजून तिचा आवाज कुणी ऐकलेला न्हाय. शिक्का तेवढा तिचा!"

*

पुढच्या बैठकीला मॅडमनी सर्जेरावलाच चुलीपाशी बसवलं. बायका झाडाखाली, सर्जेराव बोकडाजवळ. कोल्हापुरातून नेलेली कांदा-लसूण चटणी त्यानं पातेल्यात ओतली, पळी आपटली, आणि समस्त पुरुषमंडळी खुर्च्या सोडून त्याच्याभोवती गोळा! वर्दीतला, झुपकेदार मिशीचा माणूस रस्सा ढवळतोय, असलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मुखिया तर कळवळून विचारत होता, "याला बायको नाही का?"

त्यामुळं झाडाखाली फक्त बायका उरल्या. दवाखान्यातली नर्स त्यांचं बोलणं मॅडमना इंग्रजीत सांगत होती. गाडीजवळ उभा राहून मीही ऐकत होतो. बोलत होती आदेल नावाची बाई, चाळिशीची, आवाज एकदम सपाट. लाकडाशिवाय चूल नाही, जंगलाशिवाय लाकूड नाही. आणि जंगलाच्या वाटेवर बंदूकवाले बायकांना गाठतात. अब्रू घेतात, मग सोडून देतात.

मॅडमनी विचारलं, "मग लाकडाला पुरुष का जात नाहीत?"

आदेल म्हणाली, "ते गेले तर मारतात. आम्ही गेलो तर परत येतो."

नर्सनं ते इंग्रजीत सांगितलं. सर्जेरावची पळी थांबली होती. त्यानं वाकून पातेल्याखाली बघितलं. जाळ झकास लागला होता.

"ह्ये जळण कुणी आणलं?" त्यानं विचारलं.

*

त्याच रविवारी सर्जेरावच्या बायकोचा फोन आला. हा फुशारकीनं सगळं सांगायला लागला, बायकांना बोलता यावं म्हणून मी कसा चुलीशी बसलो वगैरे. तिकडून आवाज माझ्यापर्यंत आला.

"तिकडं परक्या बायकास्नी करून घालालायसा, आणि हितं उठून पाण्याचा तांब्या घ्यायला पाठ धरत हुती व्हय?"

"अगं, ही डिवटी हाय!"

"मग हितं काय पावणं म्हणून येत हुतासा?"

*

अखेर हुकूम निघाला : बायका लाकडाला जातील तेव्हा पांढरी गाडी सोबत जाईल. गाडी माझी! मागं चार शिपाई. बायकांच्या चालीनं चालवायचं म्हणजे फर्स्ट गिअर आणि अर्धा क्लच. थोड्याच दिवसांत क्लच प्लेटचा पापड झाला. वर्कशॉपच्या साहेबांनी मला उभं केलं.

"क्लच कशानं जाळलास?"

"बायकांच्या चालीनं चालवून, साहेब."

"मग त्यांना जरा भरभर चालायला सांग."

"डोक्यावर भारा असतोय, साहेब."

"मग भारे गाडीत टाक!"

"सरकारी गाडीतनं खाजगी जळण न्यायला बंदी हाय, साहेब. तुमचीच सही हाय त्यावर."

साहेबांनी नव्या क्लच प्लेटच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच. पुढं रिकामी गाडी, मागं मान मोडेपर्यंत लादलेल्या बायका. पण एक सांगतो, गाडी दिसत असेपर्यंत जंगलातून कुणी बाहेर येत नव्हतं. आदेल म्हणायची, "तुम्ही काही करू नका. फक्त पांढरे दिसा."

*

फौजेत वेळ म्हणजे वेळ. जेवणाची शिट्टी झाली की गाडी तळावर पाहिजे. रविवारी तर तांबडा रस्सा. त्या दिवशी दोन मिनिटंसुद्धा उशीर नाही. सर्जेरावनं मिरचीची फोडणी दिली की अख्खा तळ खोकायचा. आम्हाला त्याचा अभिमान! कोल्हापूरचा ठसका आफ्रिकेत!

एका रविवारी भारा बांधता बांधता आदेलची मुलगी नोएला मागं राहिली. गाडी वेळेवर वळली. नोएला उन्हं उतरल्यावर आली, भाऱ्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी आदेल तळावर आली. रडली नाही, ओरडली नाही. मॅडमना म्हणाली, "तुमच्या मिरचीचा वास जंगलापर्यंत जातो. आम्हाला खोकला येतो. त्यांनाही येतो. खोकला आला की ते ओळखतात, गाडी परत गेली."

मॅडमनी त्याच दिवशी वेळापत्रक फाडलं. गाडी कधी जाणार, कधी येणार, हे निघेपर्यंत मलाही कळेना झालं. आणि सर्जेराव? शिवाजी पेठेतला गडी, घरी लग्नकार्यात आचाऱ्याला बाजूला सारून स्वतः फोडणी देणारा. तिथं पुन्हा कधी फोडणी दिली नाही त्यानं. उकडलेलं मटण वाढायचा. जवान कुरकुरले की म्हणायचा, "गिळा गुमान!"

*

नोएलाची तक्रार द्यायला मॅडम तिला आणि आदेलला घेऊन चौकीवर गेल्या. गाडी मीच नेली. चौकीचा साहेब सभ्य माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "आरोपी कोण, कुठला, काही माहिती आहे? माणूस दाखवल्याशिवाय आम्ही तरी काय करणार?"

नोएलानं मान वर केली आणि बोट दाखवलं.

साहेबाच्या मागं दाराशी एक शिपाई उभा होता. कोरी वर्दी, पँटची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

साहेबानं वळून बघितलं. जराही दचकला नाही. "अच्छा, हा!" म्हणाला. "हा आधी तिकडं जंगलात होता. आता समझोता झालाय ना, त्यांची माणसं आम्ही भरती करून घेतली. आता हा आमच्यात आहे."

मग त्यानं त्या शिपायालाच हाक मारली आणि सांगितलं, "बाईंना बाहेर सोडून ये."

मॅडमनी आयुष्यात कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली. पंजाबीत होती, पण समजली.

*

समझोता झाला म्हणजे शांतता झाली, आणि शांतता झाली म्हणजे शांतिसेनेचं काम संपलं. तळ बंद करायचा हुकूम आला. निरोपाच्या कार्यक्रमात मोठे साहेब बोलले, "महिलांच्या सुरक्षेची जबाबदारी आता आम्ही स्थानिक समितीकडं सोपवत आहोत." टाळ्या! समिती पहिल्या रांगेत बसली होती. सगळे पुरुष.

आदेल मागून उठली. "गाडी ठेवून जा."

साहेब हसले. "चालवणार कोण, बाई?"

"चालवायची नाही. वाटेच्या तोंडाशी नुसती उभी राहू दे."

नियमात बसत नव्हतं. गाड्या घेऊन आम्ही निघालो. आरशात बघू नकोस, असं सर्जेराव मला म्हणाला. तरी मी बघितलं.

पुढं नर्सनं मॅडमना एक फोटो पाठवला, मॅडमनी आम्हाला. टपरीवर मी आणि सर्जेराव तो बघत बसलो. जंगलाच्या तोंडाशी लढाईत जळालेला एक ट्रक पडलेला असायचा, चाकं नसलेला. बायकांनी त्याला चुना फासला होता. वरपासून खालपर्यंत! लांबून हुबेहूब आमची गाडी. आणि तिच्या शेजारून आदेल, नोएला, सगळ्या जणी भारे घेऊन येत होत्या.

"नाद खुळा!" सर्जेराव ओरडला. "बायकांचा नाद करायचा न्हाय!" त्यानं मोबाईल टपरीभर फिरवला. चहावाल्यानं गॅस बारीक करून फोटो बघितला. सिंहाबद्दल त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

चुना लागल्यापासून त्या वाटेवर कुणी फिरकलं नाही, असं नर्सनं लिहिलं होतं. चुनाच तो, पावसात किती टिकणार? पण त्या साली तिकडं पाऊस फार उशिरा आला.

आता यातलं पदरचं किती, ते सांगून टाकतो. ट्रक खरा. चुना खरा. आदेल खरी, नोएला खरी.

पाऊस उशिरा आला, एवढं मी घातलंय.