परतीची फेरी

एसटीचं स्टिअरिंग सुटल्यावर केवळरामभाऊ मेश्राम घरातल्या सगळ्यांना हाकायला लागले. कुंताबाईनं चुलीवर भात ठेवला की मागून "आच कमी कर", नळ आला की "आधी पान्याचा गुंड भर". जन्मभर गडचिरोलीहून एटापल्ली-भामरागडच्या रस्त्यानं गाड्या नेलेला माणूस; चंद्रपुरात घर बांधून बसला तसा त्याचा जीव आंबायला लागला होता. शेवटी कुंताबाईच म्हणाली, "कुठी तरी कामाले लागा बाप्पा. माया डोक्याले ताप नोका देऊ."

तेवढ्यात बेघरांचा निवारा चालवणाऱ्या एका संस्थेला ड्रायव्हर हवा होता. निवारा पार बायपासच्या पलीकडे, कारण जागा तिथंच मिळाली. आणि बेघर माणसं राहत होती स्टेशनसमोर, सरकारी दवाखान्याच्या भिंतीला लागून. इतकं लांब चालत कोण जाणार, म्हणून एक पांढरी मिनीबस घेतलेली. संध्याकाळी माणसं गोळा करायची, निवाऱ्यात सोडायची.

"मानसंच तं न्यायची हायेत," केवळरामभाऊ घरी म्हणाले. "यात का मोठं?"

पहिल्या संध्याकाळी त्यांनी स्टेशनसमोर गाडी लावून हॉर्न दिला आणि बघता बघता फुटपाथ रिकामा झाला. कोणी रिक्षांच्या आड, कोणी टपरीमागं. एका म्हातारीनं तर चप्पल भिरकावली. ती चप्पल गाडीच्या समोरच्या काचेवर बसली.

"अवो, मी का वाघ हावो का?" भाऊ ओरडले. गाडी रिकामीच गेली.

आठवडाभर हेच. डोमा नावाचा एक जण तेवढा रोज चढायचा, खिडकी धरून बसायचा आणि निवारा आला की उतरायला तयार नसायचा. "मी तं फिराले आलो," म्हणायचा. त्याला परत स्टेशनवर आणून सोडावं लागायचं. दुसरा एक जण हातगाडी आत घ्या म्हणून अडून बसला. तिसरा कुत्र्याशिवाय येईना, आणि कुत्रं गाडीत चढेना. केवळरामभाऊ घरी येऊन ताटावर बसले की कुंताबाईला सगळं ऐकावं लागायचं. "भामरागडच्या पुरात मी गाडी काढली, तवा एवढा त्रास नाई झाला. तिकीट नाई, भाडं नाई, तयार बिस्तर हाय, अन या लोकायले गाडीत बसाले होत नाई!"

चप्पल फेकणाऱ्या म्हातारीचं नाव गिरजाबाई. ती स्टेशनजवळच्या एका हॉटेलात पहाटेपासून भांडी घासायची आणि सुकरी नावाच्या सोबतिणीबरोबर बंद दुकानाच्या ओट्यावर झोपायची. एका संध्याकाळी भाऊ गाडी बंद करून, खाली उतरून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. चिडूनच.

"बाई, काऊन येत नाई तुमी? का बिघडवलं मी तुमचं?"

गिरजाबाईनं गाडीकडं बघितलं. "मांगं अशीच गाडी आली होती. पांढरी. कोनी मोठा मानूस येनार होता म्हने गावात. आमाले म्हने चला, जेवन हाय. बसलो. तं जंगलातल्या रस्त्यावर नेऊन उतरवून देल्लं. येतो म्हने वापस. कुठी आला? वाघाच्या भेवानं सडकेच्या मधातून चालत आलो आमी. सुकरीच्या पायात काच गेली. दाखव वो तुया पाय."

सुकरीनं पायाला गुंडाळलेली लुगड्याची चिंधी सोडली. पाय सुजलेला होता, टाचेची जखम अजून ओली होती.

"तो मी होतो का?" केवळरामभाऊंचा आवाज चढलेलाच होता, पण त्यात जोर उरला नव्हता.

"गाडी तं होती ना," गिरजाबाई म्हणाली. "बरं, तुमी नेता. सकाळी आनता का? मले दिवस निंघायच्या आंधी हॉटेलात जा लागते."

सकाळी परत आणायचं भाऊंना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते संस्थेच्या ऑफिसात गेले. काम बघणारी दिव्यानी तरुण होती, कष्टाळू होती आणि दिवसभर फोनवर कोणाची तरी बोलणी खात होती. तिनं डोकं धरलं. "काका, मंजुरी फक्त संध्याकाळच्या फेरीची आहे. निवाऱ्यात आणायची. परत न्यायचं त्यात नाही."

"म्हनजे मानसाले नेऊन टाकाचं अन मोकळं व्हाचं?"

"असं नका बोलू ना. मीही तीनदा मागितलंय."

"पोरी, जन्मभर गाडी चालवली मी. जे गाडी जाते ते वापस येते. नाई येत तिले बस नाई म्हनत!"

खरी चीड त्यांना पुढं आली. तीच मिनीबस रोज पहाटे ते निवाऱ्याच्या स्वयंपाकाची भाजी आणायला बाजारात न्यायचेच की! जाताना सगळ्या सीटा रिकाम्या. त्या सीटांवर माणूस बसवायला मंजुरी लागते आणि वांग्यांच्या पोत्याला लागत नाही. केवळरामभाऊंनी कोणाला विचारलं नाही. पत्र्याची एक पाटी आणून स्वतः रंगवली: स्टेशन – दवाखाना – निवारा, आणि खाली मोठ्या अक्षरात "जाणे-येणे". ती समोरच्या काचेला लावली. पाटी बघून त्या संध्याकाळी चौघे जण चढले; पहाटे त्यांना गाडीत घेतलं आणि गिरजाबाईच्या हॉटेलासमोर, मुद्दाम लांब हॉर्न देऊन, उतरवलं.

गिरजाबाई राखेच्या हातानं बाहेर आली. बघितलं, आत गेली. असं बरेच दिवस चाललं. मग एका थंडीच्या संध्याकाळी ती सुकरीला धरून गाडीत चढली. दारालगतच्या सीटवर बसली आणि दार लावू देईना. दार उघडं ठेवून गाडी हलवायची नाही, हा भाऊंचा जन्माचा नेम. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी अर्धवट उघड्या दारानं, बैलबंडीच्या चालीनं भाऊंनी गाडी नेली. मागून हॉर्न मारणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला ते मनातल्या मनात शिव्या देत होते.

आता कुठं गाडी भरायला लागली, डोमा निवाऱ्यात उतरायला आणि कुत्रंही गाडीत चढायला लागलं, तर कोणीतरी फोटो काढला. भाजीच्या गाडीत माणसं! वरून हुकूम आला: सकाळी प्रवासी घ्यायचे नाहीत. भाऊंना गाडीची किल्लीही सकाळी उशिरा मिळायला लागली. हुकमाच्या पहिल्याच सकाळी गिरजाबाई बायपासवरून चालत निघाली, पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं आणि हॉटेलवाल्यानं दुसरी बाई ठेवली होती.

संध्याकाळी ती ओरडलीही नाही. "तुमीबी तसेच," एवढंच म्हणाली.

केवळरामभाऊंना ते चपलेपेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या सकाळी किल्ली हातात येताच त्यांनी निवाऱ्यातल्या सगळ्यांना गाडीत बसवलं आणि गाडी थेट ऑफिसच्या पायरीशी लावली. सगळे आत गेले. डोमा सोफ्यावर पाय पसरून बसला, कुत्रं टेबलाखाली शिरलं. संस्थेचे मुख्य विनोदसाहेब आले ते दारातच थबकले.

"हे काय चाललंय, मेश्राम?"

"सायेब, गाडी वापस न्याची मंजुरी नाई म्हने. मंग इथीच सोडतो. इथून बाजार जवळ हाय यायले."

साहेब तापले, नोकरीवरून काढीन म्हणाले. भाऊ म्हणाले, "काढा. पन आंधी यायले कामावर पोचवा." दिव्यानी उठून साहेबांच्या शेजारी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "सर, भाजी टेम्पोनं मागवता येईल. हे मी आधीही बोलले होते." सुकरीनं तिथंच चिंधी सोडून पाय दाखवायला सुरुवात केली. साहेबांनी तोंड फिरवलं आणि वर फोन लावला.

सकाळची फेरी मंजूर झाली. पण टेम्पोवाला चार दिवस आलाच नाही आणि निवाऱ्यात नुसतं वरण-भात. त्याचा राग सगळ्यांनी केवळरामभाऊंवर काढला. दवाखान्याच्या थांब्यामुळं सुकरीची मलमपट्टी मात्र नेमानं व्हायला लागली, जखम भरत आली. गिरजाबाईला जुनं काम मिळालं नाही. खूप फिरल्यावर एका खानावळीत दुपारचं मिळालं. त्यामुळं आता ती म्हणते, दुपारीही एक फेरी पाहिजे.

"दुपारी मी जेवू का नाई?" भाऊ विचारतात.

"गाडीत डबा आना. अन काल उशीर काऊन झाला? ब्रेकबी किती जोरानं मारता तुमी, कंबर मोडली माई."

केवळरामभाऊ घरी येऊन हे सगळं कुंताबाईला सांगतात, ताटातला भात निवून जाईस्तोवर. मग दुपारच्या फेरीचं दिव्यानीशी कसं बोलायचं, तेही कुंताबाईलाच विचारतात.