डावी घंटा, उजवी घंटा

रत्नागिरीच्या बंदराबाहेर आमची आगबोट खोळंबली होती. आग लागावी डाव्या इंजिनाला आणि घंटा वाजावी उजव्याची, अशी तारांची अदलाबदल झालेली. पडावातून एक काटकुळा मिस्त्री आला आणि त्याने तारा नीट जोडल्या.

"झालं ना? उतर आता," कप्तान म्हणाला.

"पेटवून बगल्याबिगर नाय."

कप्तान खेकसला. मिस्त्रीने वाकून आपला पडाव परत धाडला आणि इंजिनखोलीच्या दारातच मांडी ठोकली. "आता मना दर्यात टाका, नायतर चिंधी पेटवा. खाली मानसं हायत."

मला तो उद्धट वाटला, आणि आवडलाही.

अखेर डाव्या इंजिनापाशी चिंधी पेटली. डावी घंटा खणखणली. आम्ही उतारूंनी टाळ्या पिटल्या, कप्तानही हसला.

मिस्त्री जागचा हलला नाही.

"आता उजवी," तो म्हणाला.