टंकलेखकाच्या एका दिवसात किती शब्द?

परभणीच्या आमच्या कार्यालयात फायली वर्षानुवर्षं पडून राहतात आणि त्यांच्यावर किस्से साचत जातात. धूळ शिपाई झटकतो. किस्से कोण झटकणार? त्यातले साहेबांच्या मोजणीचे तर अजून ताजे आहेत!

एकदा वरून विचारणा आली, एक टंकलेखक दिवसाकाठी अंदाजे किती काम करतो? काम कमी भरलं तर दोनातलं एक पद जाणार. दोघांत निसारभाई जुने, म्हणजे गंडांतर शोभाताईंवर. त्या पूर्ण्याहून रेल्वेने येतात, घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. बदली कुठे लांब झाली तर त्यांचं कोण बघणार?

साहेब नवे, पुण्याकडचे. त्यांनी निसारभाईंना विचारलं, "दिवसाला किती टाइप होतं?"

निसारभाई म्हणाले, "लाइट असल्यावर का नसल्यावर?"

* * *

आधी पानं मोजायची ठरली. दुसऱ्याच दिवशी निसारभाईंची अक्षरं लिंबाएवढी झाली. एका पानावर जेमतेम पाच ओळी!

"हे पत्र आहे की दुकानाची पाटी?" साहेब कडाडले.

"वरच्या साहेबलोकांना चष्मे लागलेत ना. त्यांची सोय बघायलोय!"

पानं मोजणं बंद झालं.

* * *

मग साहेब घड्याळ घेऊन शोभाताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. बाई आपल्या कागदाकडे बघत स्वस्थ.

"हात का थांबलेत?"

"तुमचं अक्षर लागंना, साहेब."

साहेबांनी कागद हातात घेतला. उजेडाकडे धरला, लांब धरला. मग घड्याळ खिशात घालून केबिनमध्ये गेले. त्यांनाही लागलं नव्हतं.

* * *

शेवटी ठरलं की शब्द मोजायचे. कॉम्प्युटर आपणच मोजतो, वाद नाही. पण आपली मराठी पडली चिकट. शोभाताईंनी 'तहसीलदारांच्याकडूनसुद्धा' टाइप केलं आणि आकडा एकानेच पुढे सरकला.

"अगं बाई! बोटं मोडूस्तोवर बडवलं आन् एकच?"

बाई हुशार. त्यांनी शब्द तोडायला सुरुवात केली. 'कार्यालया च्या आवारा मध्ये', 'अर्जदारा कडून सुद्धा'. आकडा भराभर वाढला, साहेब खूश! माझ्या रजेच्या अर्जात 'आजार पणा मुळे' असं छापून आलं, तेव्हा निसारभाई म्हणाले, "साधा ताप तुमचा, लय लांबला की!"

* * *

एवढं करूनही अंदाज कमीच भरला. साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा. त्यांनी वर पाठवायचं पत्र तोंडी सांगितलं, "या कार्यालयात टंकलेखकाचे एक पद अतिरिक्त आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती."

निसारभाई त्या दिवशी भाचीच्या लग्नाला गेलेले. म्हणजे ते टाइप करायचं शोभाताईंनीच! मला तर त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी मात्र पदर खोचला, टाइप केलं, कागद पुढे ठेवला. साहेबांनी घाईत सही ठोकली.

वरून उत्तर आलं ते साहेबांनी आमच्यासमोरच मोठ्याने वाचलं. "आपल्याकडे टंकलेखकाचे पद 'अति रिक्त' असल्याचे समजले. निकड लक्षात घेऊन आणखी एक टंकलेखक तातडीने पाठवत आहोत."

साहेबांनी आपल्या पत्राची कार्यालयातली प्रत मागवली. दोनदा वाचली. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "शोभाताई, 'अति' आणि 'रिक्त' यांच्या मधे ही जागा कुठून आली?"

शोभाताई डबा पिशवीत घालत होत्या, पूर्ण्याची गाडी गाठायची होती.

"जोडून लिवलं असतं तर एक शब्द कमी भरला असता की, साहेब!"