पुढचा सगळ्यात उंच टॉवर कोणत्या शहरात?

शाहीन खरं बोलत होती आणि मी तिला वादात हरवलं.

आज तिला जाऊन चाळीस दिवस झाले.

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दोघी डिबेट टीममध्ये होतो. प्रॅक्टिसला सिस्टर मध्येच घंटा वाजवायच्या, की लगेच बाजू बदलायची. आत्तापर्यंत ज्याच्या विरुद्ध बोललो, त्याच्याच बाजूने बोलायचं.

साठी उलटली तरी हा खेळ फोनवर चालू होता.

शेवटचा विषय पेपरातल्या बातमीवरून निघाला. देशातला पुढचा सगळ्यात उंच टॉवर कोणत्या शहरात व्हावा?

मी मुंबईच्या बाजूने, शाहीन हट्टाने पुण्याच्या. येरवड्याचं बैठं घर सोडून ती मुलाबरोबर विश्रांतवाडीला बाविसाव्या मजल्यावर राहायला गेली होती. त्यामुळे या विषयात स्वतःला एक्सपर्ट समजायची.

मी म्हटलं, पुण्यात चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, शंभराव्यावर कसं नेणार?

"टँकरने. तुमच्या कोथरूडला येतं तसंच."

आठवडाभर हेच. मग एका दुपारी म्हणाली, चल, आता बाजू बदलू.

आणि बोलायला लागली.

"पुण्यात नको. इतक्या वर कोणी हाक मारत नाही गं. खालून कोण चाललंय, ओळखू येत नाही. दिवसभर दार वाजत नाही."

मी एकेक मुद्दा खोडून काढला. इंटरकॉम आहे. व्हिडिओ कॉल आहे. क्लब हाऊस आहे. शांतता तर लोक विकत घेतात.

शेवटी ती म्हणाली,

"जिंकलीस बाई."

मी खूश. फोन ठेवला आणि कॉफी करून घेतली.

चार दिवसांनी तिच्या मुलाचा फोन आला. दुपारी घरात एकटी असताना हार्ट अटॅक. तो संध्याकाळी ऑफिसातून आला, तेव्हा कळलं.

दोन वर्षं ती मला घरी बोलवत होती. मला लिफ्टची भीती, म्हणून प्रत्येक वेळी तीच रिक्षा करून माझ्याकडे यायची.

त्या दिवशी मी पहिल्यांदा वर गेले.

दाराबाहेर चपलांचा ढीग. चार पावलांवरच्या समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. आतल्या बाईंनी मला हळूच विचारलं, "कोण राहायचं इथे?"

माझी मैत्रीण, एवढंच सांगता आलं.

शाहीन, तू त्या दुपारी डिबेट करत नव्हतीस.

माफ कर मला.

खुदा हाफिज.